अपेक्षित चुका

ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही त्याचं बरं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही. ज्याला फर्डं येतं त्याचंही बरं असतं, कारण मग तोच सगळ्यांना विचारत सुटतो. हाल होतात ते मधल्यांचे. समोरचा आपला पाणउतारा करतोय एवढं त्यांना व्यवस्थित कळतं. उलट काय बोलायचं ते मात्र घरी आल्यावर, भांडी घासताना सुचतं.

अशा भांडी घासताना सुचणाऱ्या मोठ्या माणसांचा एक वर्ग प्रौढ शिक्षण केंद्रात संध्याकाळी भरायचा. केंद्राच्या दप्तरी त्याचं नाव ‘मधला वर्ग’. नवशिक्यांना रस्त्याकडची हवेशीर खोली होती, पोचलेल्यांना वरचा मजला होता, आणि मधल्यांना, जिथे केंद्राच्या मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या, ती खोली. तिथे बाई शिकवायच्या.

बाई इंग्रजी कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. औषधांच्या बाटल्यांतले कागद, शिवणयंत्राचं माहितीपुस्तक, मुलाची जुनी क्रमिक पुस्तकं, दुपारच्या रेडिओवरच्या बातम्या, असं पदरात पडेल ते घेत, लग्नानंतर, ओट्याशी उभ्या उभ्या त्या शिकल्या होत्या. आधीचे मास्तर वर्ग सोडून गेले तेव्हा केंद्राला घाईनं कुणीतरी हवं होतं. घाईत असलेलं कार्यालय प्रमाणपत्र मागत नाही. बाई लागल्या त्या लागल्याच.

वर्ग म्हणाल तर एकेक नमुना. शिंपीकाका होते, त्यांचा नातू फोनवर इंग्रजीखेरीज बोलत नसे आणि काकांना त्यातलं शेवटचं ‘बाय’ तेवढं कळे. बँकेच्या इमारतीतला पहारेकरी होता. दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी एक बाई होती, तिला सगळे दातवाली म्हणत. पोस्टातून निवृत्त झालेले टपालकाका होते. आणि बेकरीवाल्या दोन जावा.

या जावांचं जरा सांगायला हवं. दोघींच्या नवऱ्यांची बेकरी एक, ओटा एक, भट्टी एक. पण वाटणीच्या भांडणात दोघी एकमेकींना जे बोलल्या, त्यानंतर बोलणं बंद. एकाच भट्टीशी उभ्या राहून पाव काढायच्या आणि काही हवं असलं तर गिऱ्हाइकाला सांगायच्या, “त्यांना म्हणावं, मीठ सरकवा.” बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. जोडीजोडीनं संभाषण करायला सांगताना त्यांनी शेजारी बसलेल्या म्हणून दोघींची जोडी लावून दिली. थोरलीनं भिंतीकडे बघत विचारलं, “हाऊ आर यू?” धाकटीनं खुर्च्यांकडे बघत सांगितलं, “आय अ‍ॅम फाइन, थँक यू.” आणि दोघींचे डोळे भरून आले. तेव्हापासून त्या वर्गात घडाघडा बोलायच्या. हवा कशी आहे, बस उशिरा का आली, तुमचा कोट सुंदर आहे. दाराबाहेर पडल्या की पुन्हा कुलूप. आपल्या भाषेत एकमेकींना म्हणायचं ते सगळं त्यांचं म्हणून झालं होतं. इंग्रजीत त्यांच्याकडे एकही वाईट शब्द नव्हता. बाईंनी शिकवलाच नव्हता.

तर असा हा वर्ग चालू राहावा की नाही हे ठरवायला पर्यवेक्षक येणार, असं केंद्रानं एक दिवस कळवलं. ते एक पाठ बघतील. पाठाचं नियोजन आधी, नव्या नमुन्यात, कार्यालयाच्या खिडकीवर द्यावं.

नव्या नमुन्यात रकाने होते. उद्दिष्ट, साहित्य, कृती इथवर बाईंची गाडी बरी चालली. पुढचा रकाना होता ‘अपेक्षित चुका’. म्हणजे विद्यार्थी कुठे कुठे चुकतील ते शिक्षकानं आधीच लिहून द्यायचं. बाईंना हे जरा अशुभच वाटलं. पाहुणे यायच्या आधी कोण कोण पाय घसरून पडेल त्याची यादी करण्यासारखं. पण आपल्या माणसांच्या चुका त्यांना पोटच्या पोरांच्या खोड्यांसारख्या पाठ होत्या. त्यांनी प्रेमानं रकाना भरला, जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट केला. “बाई, चुका फार झाल्या.”

“खऱ्या आहेत हो.”

“खऱ्या असतील. पण एवढ्या चुका करणारी माणसं नवशिक्यांच्या वर्गात पाहिजेत. मधल्या वर्गात कशी?”

बाईंनी घरी जाऊन निम्म्याहून जास्त चुका जड मनानं खोडल्या. कारकून म्हणाला, “आता कमी पडतात. चुकणारच नसतील तर केंद्रानं तुम्हाला ठेवायचं कशाला?”

“मग किती लिहू?”

“मधल्या वर्गाला शोभतील इतक्या लिहा.”

बाईंनी त्या रात्रीचं जेवण करपवलं. घरातले अहो करपलेलंच ताटात घेत म्हणाले, “अगं, एवढं काय त्यात? इंग्रजीच शिकवायचं ना? मला आमच्या ऑफिसात कधी नियोजन लागलं नाही.”

“तुम्ही ऑफिसात शिकवता का कुणाला?”

“नाही. म्हणून तर लागलं नाही.”

अहोंच्या बहिणीला, म्हणजे बाईंच्या नणंदेला, हे फोनवर कळलं. नणंद एका कंपनीत नव्या नोकरदारांना हसायला शिकवायची आणि त्याचा पगार घ्यायची. ती कागद मागवून, वाचून म्हणाली, “वहिनी, राग मानू नका, पण यात एनर्जीच नाही. मोठी माणसं बसून शिकत नसतात. बॉल फेका! ज्याच्याकडे बॉल, तो बोलणार.” आणि तिनं खरोखर एक बॉल पाठवून दिला.

बॉल फेकला गेला. टपालकाकांनी आयुष्यभर थैल्या फेकल्या होत्या, त्यांनी त्याच सरावानं फेकला. तो मोडक्या खुर्च्यांच्या चळतीच्या बरोबर मध्यावर बसला. जे कोसळलं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. धूळ खाली बसेपर्यंत कुणी कुणाला दिसत नव्हतं. वरच्या मजल्यावरून पोचलेल्यांच्या वर्गाच्या सरांचा निरोप आला: “खाली काय चाललंय? इथे शिकवणं चालू आहे.” हे वरचे सर परदेशी राहून आले होते आणि नियोजन वगैरे करत नसत. खुर्ची मागे कलंडून जे आठवेल ते बोलत. त्यांच्याकडे कुणी रकाना मागितला नव्हता. बाईंना निरोपातला ‘इथे’ हा शब्द फार झोंबला.

मग शेजारचे माजी मुख्याध्यापक आले. ते न बोलावता येत आणि उठवल्याशिवाय जात नसत. म्हणाले, “तपासणीच्या दिवशी शिकवायचं नसतं बाई, दाखवायचं असतं. पाठ बसवून घ्या. विषय काय घेतलाय?”

“दुकानात जाऊन तक्रार करणं. बिघडलेली वस्तू परत द्यायची.”

“वस्तू कुठंय?”

“आहे असं समजायचं.”

“समजायचं?” मुख्याध्यापकांना ऐकवेना. ते उठले, घरी गेले आणि विजेची किटली घेऊन आले. “ही खरी बिघडलेली आहे. बुडातून गळते. कंपनीशी माझा वाद चालू आहे, तेव्हा जशी नेताय तशीच परत आणा.”

बाईंनी किटली ओट्यावर ठेवली. इथे एक सांगायला हवं, की अहोंनी लग्नापासून घरातली एकही वस्तू दुरुस्त केली नव्हती. न्हाणीघराचा नळ मुलगा शाळेत जात होता तेव्हापासून टपकत होता. पण त्या संध्याकाळी बायकोच्या मदतीला धावून जावं असं त्यांच्या मनात आलं, आणि बाई वर्गावरून परतल्या तेव्हा अहो हात पुसत उभे होते. “घे! थेंब गळणार नाही आता.”

“अहो, ती गळण्यासाठीच आणली होती!”

“मग सांगायचं नाही का? मला वाटलं, शेजाऱ्यांची आहे, जरा बघू.”

आपला नळ आपला म्हणून टपकत राहिला आणि शेजाऱ्यांची किटली शेजाऱ्यांची म्हणून बरी झाली. मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा त्यांनी किटली उलटी करून बघितली. मग म्हणाले, “म्हणजे माझा पुरावा गेला.” आणि दार ओढून घेऊन निघून गेले. इतक्या वर्षांत ते आपणहून उठून गेले ते तेवढ्याच वेळी. किटली परत न्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पाठ बसवून घ्यायचा नाही असं बाईंनी ठरवलं होतं. आपण प्रामाणिकपणे शिकलो, प्रामाणिकपणे शिकवतो, तेच दिसू दे. पण वर्गाला कुठून तरी बातमी लागली की पाठ पसंत पडला नाही तर वर्ग बंद. शिंपीकाका उभे राहिले. “बाई, तुमची मान खाली जाऊ देणार नाही. तुम्ही फक्त कोण काय बोलायचं तेवढं लिहून द्या.”

“काका, पाठांतर नको. तुम्हाला सुचेल ते बोला.”

“आम्हाला घरी गेल्यावर सुचतं, बाई,” पहारेकरी म्हणाला. “तोवर साहेब निघून जातील.”

बाईंचं लक्ष जावांकडे गेलं. थोरली धाकटीच्या कोटाची सुटलेली शिवण बोटानं दाबून बघत होती. बाईंनी लिहून दिलं. तेवढी एकच लबाडी, आणि तीही कुणासाठी!

पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. सगळे शिंप्याच्या दुकानात जमून तालमी करायला लागले. टपालकाकांनी सुवाच्य अक्षरात प्रती काढल्या. दातवाली दवाखान्यात आ वासून बसलेल्या लोकांना वाक्यं म्हणून दाखवायची. त्यांना अडवता येत नव्हतं. बेकरीत दोन जावा भट्टीशी उभ्या राहून, एक दुकानदार आणि एक गिऱ्हाईक होऊन, अख्खा दिवस इंग्रजीत किटली परत करत होत्या. वर्गाबाहेर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. बाई मुद्दाम एकदा पाव घ्यायला गेल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पाव न घेताच परतल्या.

प्रश्न उरला तो त्या रकान्याचा. तिसऱ्या खेपेला कारकुनानं मंजूर केलेल्या चुका कुणीतरी करायला हव्या होत्या. बाईंनी विचारलं, “या चुका कोण करणार?”

जो तो आपापली प्रत वाचायला लागला.

“माझ्या नातवाला कळलं तर?” शिंपीकाका म्हणाले.

“मी नोकरीत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही,” टपालकाका म्हणाले. “आता म्हातारपणी?”

थोरली म्हणाली, “धाकटीला सांगा.” धाकटी म्हणाली, “मान मोठ्यांचा.” शेवटी पहारेकरी उठला. “मी करतो, बाई. माझी सवय आहे. साहेब लोकांसमोर मी रोज चुकतो.” सगळ्यांनी त्याच्याकडे, लढाईवर निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

तपासणीचा दिवस उजाडला. पर्यवेक्षक आले, पंख्याखालची खुर्ची घेतली, आणि पुन्हा रचलेली मोडक्या खुर्च्यांची चळत बघून म्हणाले, “वा, बसायची व्यवस्था भरपूर आहे.” बाईंनी किटलीला बाहेरून पाणी लावून ती गळकी केली होती. पाठ सुरू झाला.

आणि पाठ वाहायलाच लागला. थोरलीनं किटली काउंटरवर आदळली, धाकटीनं दिलगिरी व्यक्त केली, दातवालीनं पावती मागितली, टपालकाकांनी नियम सांगितला. कुठे अडखळणं नाही, की कुठे ‘अं’ नाही. पहारेकऱ्याची पाळी आली. बाईंनी त्याला डोळ्यांनी खूण केली: चूक. पहारेकऱ्यानं तोंड उघडलं आणि त्यातून निर्दोष, इस्त्री केल्यासारखं वाक्य बाहेर पडलं. तो स्वतःच दचकला. इतक्या तालमींनी त्याची जीभ अशी घोटून निघाली होती की आता तिला चुकताच येत नव्हतं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बरोबर.

पर्यवेक्षक पुढे सरकून बसले. पाठ संपल्यावर त्यांनी स्वतः एक प्रश्न टाकला, आणि तो बाईंनी लिहून दिलेल्यांतला नव्हता. त्यांनी इंग्रजीत दातवालीला विचारलं, “तुम्ही या वयात इंग्रजी का शिकता?”

दातवालीला किटलीचं वाक्य सोडून दुसरं काही आठवेना. तिनं तेच म्हटलं: “मला याच्यापेक्षा काहीतरी बरं मिळेल अशी आशा होती.”

पर्यवेक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग पहारेकऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “आणि तुमची पुढची इच्छा काय?”

पहारेकरी ताठ उभा राहून म्हणाला, “मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे.”

“शाब्बास!” पर्यवेक्षक उठूनच उभे राहिले. “अशी जिद्द पाहिजे!” त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, बाईंशी दोनदा मिळवले आणि गेले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. थोरलीनं धाकटीला मिठी मारली. अहोंनी त्या दिवशी केक आणला, बेकरीतूनच.

निकाल खिडकीवर मिळाला. कारकून चक्क हसत होता. “अभिनंदन, बाई. पर्यवेक्षक फार खूश आहेत. लिहितात, या वर्गात अपेक्षित चुका आढळल्या नाहीत. सबब हे विद्यार्थी मधल्या पातळीचे उरलेले नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळे वरच्या वर्गात. उद्यापासून. मधल्या वर्गाचं उद्दिष्ट पूर्ण झालं, म्हणून तो बंद. तुमच्या नावे प्रशस्तिपत्र निघेल.”

बाईंना हे समजायला जरा वेळ लागला. “अहो, पण त्यांना येत नाही अजून!”

कारकुनानं हसणं बाजूला ठेवलं. “येत नाही? मग पर्यवेक्षकांना दाखवलंत ते काय होतं?”

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर शिंपीकाका, टपालकाका, सगळी पांढऱ्या केसांची माणसं कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखी उभी करावी लागणार. न सांगावं तर वर्ग गेला. सगळी वाक्यं समोर होती, आणि त्यातलं एकही म्हणता येत नव्हतं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “पाठ होता.”

वरच्या वर्गात माणसं बुडायला वेळ लागला नाही. दातवाली रस्त्यात भेटली, म्हणाली, “बाई, सर छान बोलतात. आम्ही मान हलवतो. ते हसले की आम्ही हसतो. परवा ते कुणाच्या तरी मरणाबद्दल सांगत होते, तिथे शिंपीकाका हसले.” शिंपीकाकांनी जाणं सोडलं. पहारेकरी जात होता, पण त्यानं मागच्या बाकापाशी उभंच राहायची परवानगी मागून घेतली होती. बसलं की झोप येते म्हणाला. जोड्या लावणं सरांना पोरकट वाटे. तिथे फक्त सर बोलत. बाई पाव घ्यायला गेल्या तेव्हा थोरलीनं पैसे घेतले आणि धाकटीकडे न बघता बाईंनाच म्हणाली, “त्यांना म्हणावं, पिशवी द्या.”

बाईंनी निरोप दिला. पिशवी मिळाली. त्या घरी न जाता तडक केंद्रात गेल्या.

“त्यांना परत खाली पाठवा,” त्या खिडकीत म्हणाल्या.

“वर गेलेला विद्यार्थी खाली येत नाही, बाई. आला तर पर्यवेक्षक चुकले असं होईल.”

“मग मला वर शिकवू द्या. सरांच्या हाताखाली. बिनपगारी.”

“वर शिकवायचं तर प्रमाणपत्र लागतं. आहे?”

नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. कारकून मनानं वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. “परीक्षा द्या ना. केंद्राचीच आहे. जी पातळी निघेल तिचं प्रमाणपत्र. तुम्हाला काय अवघड!”

बाईंनी अभ्यास केला. अहोंनी आपणहून चहा केला, साखर विसरले. मुलाची क्रमिक पुस्तकं माळ्यावरून उतरली. परीक्षेच्या दिवशी बाईंनी कुणाचंही लिहून दिलेलं पाठ केलं नव्हतं. समोर कानाला यंत्र लावलेला परका परीक्षक भराभरा विचारत गेला, आणि बाई आपल्याला सुचेल ते बोलत गेल्या. बरंच सुचलं. काही घरी जाऊन, भांडी घासताना सुचलं. पण सगळं त्यांचं होतं, आणि बाई किती दिवसांनी जरा मान वर करून चालल्या.

निकालाच्या दिवशी कारकून कागद देताना त्यांच्याकडे बघेना.

“मधली,” तो म्हणाला.

बाईंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. इंग्रजीतच होता, सगळा कळत होता. “मधली तर मधली,” त्या म्हणाल्या. आवाज ठेवायचा तसा ठेवला. “निदान मधल्या वर्गाला चालेल ना? तो पुन्हा सुरू करू. मी माणसं आणते. नवी आणते.”

“मधल्या वर्गाला वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं, बाई.”

“इतकी वर्षं मी शिकवलाच ना?”

“तेव्हा तुमची पातळी काय ते कुणाला माहीत नव्हतं,” कारकून हळूच म्हणाला. “आता कागद झाला.”

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. कारकुनानं कर्तव्य म्हणून पुढचं वाक्य पूर्ण केलं: विद्यार्थी म्हणून त्या नाव घालू शकतात, पुरेसे लोक जमले आणि शिकवणारं कुणी मिळालं की कळवण्यात येईल.

“मिळेल का कुणी?” बाईंनी विचारलं.

“कठीण आहे,” तो म्हणाला. “होत्या तशा एक बाई, चांगल्या शिकवायच्या.”